नानांनी राखलेली माणसं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीच्या लॅबमध्ये सकाळच्या दुधाचे नमुने तपासत होते. फोन काकींचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा होता. "गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाठोपाठ विचारलं, "टँकर आलाय का?" टँकर आला होता. अंगणात उभा राहून ठिबकत होता, आणि दूध काही कुणासाठी थांबत नाही. आमच्याकडे कुणाचंही मरण असलं तरी निम्म्यांनी जायचं आणि निम्म्यांनी कामावर राहायचं, हा नियम खुद्द नानांचाच. त्यांची आई वारली तेव्हा ते स्मशानातून ओल्या धोतरानं थेट बॉयलरपाशी येऊन उभे राहिले होते. लॅब माझ्याकडे असल्यामुळे मी राहणाऱ्यांत मोडत होते. म्हणून मी नानांच्या अंत्यविधीला गेले नाही. हात चालू होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि दुधाचा भाव ज्यावर ठरतो ते फॅट मोजताना चूक होऊ नये म्हणून मी ते सारखं दंडाला पुसत होते. नाना स्वतः असते तरी त्यांनी मला सोडलं नसतं.

शोकसभा बारामतीत झाली. पुण्याहून एक सूट घातलेले गृहस्थ आले होते. कंपन्यांना माणसं कशी सांभाळायची ते शिकवणं हा त्यांचा धंदा. ते म्हणाले, आजच्या काळात मालक रडतायत की माणसं टिकत नाहीत, आणि इथे एक माणूस असा होऊन गेला की ज्याच्याकडून कोणी गेलंच नाही. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मागच्या रांगेत होते आणि माझ्या शेजारी आमची पॅकिंगची माणसं बसली होती. त्यांतल्या एकीनं मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "जातंय कोण?" आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून हसलो आणि पुढच्यांना वाटलं, रडतोय. नंतर या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं, नानांनी माणसं कशी निवडली, घडवली, टिकवली ते लिहा, तरुण उद्योजकांना उपयोग होईल. होऊ दे उपयोग. मी सगळं सांगते.

मी सुप्याची. वडिलांचा आठवडी बाजारात भांड्यांचा गाळा आणि थोडी पावसावरची, जिराईत जमीन. बारामतीला रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि नानांच्या डेअरीत मुलाखतीला आले. डेअरी अंथुर्ण्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, चारी बाजूंनी ऊस. मी प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून बसले होते. नानांनी ती उघडलीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या हिरीला पानी कुठवर टिकतं?" मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत. "आन मग?" मग टँकर. ते म्हणाले, "उद्यापास्नं ये." मला वाटलं, किती कनवाळू माणूस आहे. नाना स्वतः सुप्याकडचेच, त्यामुळे त्यांना आमची कीव आली असणार, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे दोनेक वर्षांनी कळला, आणि तोही नानांच्याच तोंडून. इंदापूरचा एक पोल्ट्रीवाला त्यांच्याकडे सल्ला मागायला आला होता, पोरं टिकत नाहीत म्हणून. मी रिपोर्ट घेऊन उभी होते. नाना त्याला म्हणाले, "बागायती गावातला पोरगा घेऊच नका. त्याच्या मागं ऊस असतो. जरा बोललं की उठून घरला जातो. जिराईत गावातला घ्या. त्याला घरला जाऊन काय करायचं असतंय?" मग माझ्याकडे बोट केलं. "ही बघा, सुप्याची. सोनं हाय." पोल्ट्रीवाल्यानं माझ्याकडे बाजारातल्या शेळीकडे बघावं तसं बघितलं. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. राग आला का? आला. पण सोनं म्हणाले होते ना... तो शब्द मी पुढची कितीतरी वर्षं जपून वापरला.

शिकवण्यात मात्र नानांचा हात धरणारा मी पाहिला नाही, आणि हे मी उपरोधानं म्हणत नाही. पुस्तकात दूध म्हणजे आकडे असतात. नानांनी मला ते तोंडात धरायला शिकवलं. एक घोट घ्यायचा, गिळायचा नाही, जिभेवर फिरवायचा आणि थुंकायचा. त्यावरून गाईनं काय खाल्लं, कॅन नीट धुतला होता की नाही, दूध उन्हात किती राहिलं, ते सांगायचं. चुकले की तेच दूध पुन्हा तोंडात. आंबलेलं, कळकलेलं, औषधाचा वास मारणारं. पहिला महिना मी रोज ओकले. नाना बाहेर उभे राहून वाट बघायचे आणि मी तोंड धुऊन आले की पुढची वाटी समोर करायचे. त्यांनी मला स्वतःच्या खर्चानं गुजरातला प्रशिक्षणाला पाठवलं, संकलन केंद्रांवर नेलं, गोठ्यांतून फिरवलं. घरी परत सोडताना गाडीतही परीक्षा चालूच असायची. माझ्या स्वतःच्या बापानं माझ्यावर एवढा वेळ घालवला नव्हता.

माझ्याबरोबर शिकत होता तो हनुमंत. हा अंथुर्ण्याचाच, बागायतदाराचा मुलगा, म्हणजे नानांच्या नियमात न बसणारा. पण कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगायचा, म्हणून नानांनी नियम मोडून त्याला घेतला. एकदा त्याच्या हातून थंड टाकीचं मशीन बंद राहिलं आणि सगळी टाकी नासली. नाना ओरडले नाहीत. त्यांनी काम थांबवून सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि हनुमंतला टाकीची तोटी उघडायला लावली. दूध गटारात जायला लागलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आंबूस वास, माश्या, आणि मधोमध तोटीवर हात ठेवून उभा हनुमंत. टाकी रिकामी झाल्यावर नाना त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आता शिकलास. आता तुला सोडणार न्हाय. लय म्हाग पडलायस." सगळे हसले, हनुमंतही हसला. त्याच्या हातून नंतर कधी मशीन बंद राहिलं नाही.

बायकांच्या बाबतीत नानांची अडचण वेगळी होती. शिकवून तयार केलेली पोरगी लग्न करून भलत्याच गावी जाते. यावर नानांनी स्वतःच उपाय काढला. पोरीला स्थळ तेच बघायचे. माझ्यासाठी त्यांनी काटेवाडीचं घर आणलं. बागायत, गोठा, आणि सकाळ-संध्याकाळचं सगळं दूध नानांच्याच केंद्रावर. माझे वडील हरखून गेले. सुप्याच्या पोरीला कालव्याच्या पाण्यावरच्या गावातलं घर मिळतंय आणि वर मालक स्वतः मध्यस्थ! लग्नात काकींनी माझी ओटी भरली, नानांनी सासऱ्यांना फेटा बांधला. आबांना, म्हणजे सासऱ्यांना ते म्हणाले, "पोरगी तुमची, पर दिवसा आमची बरं का." मांडवात हशा पिकला. मला नवरा चांगला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्यातल्या आणखी दोघींची लग्नं नानांनी अशीच जवळपास लावली, आणि त्यांतली एक अजून दर आठवड्याला तोंड सुजवून कामावर येते. तिच्या नवऱ्याला समज द्या म्हणून आम्ही नानांकडे गेलो तर नाना म्हणाले, "कामावर येतीय ना?"

आता जेवणाचं सांगते, कारण पुण्याच्या त्या सूटवाल्या गृहस्थांना ते कुणी सांगितलेलं दिसलं नाही. कोणी राजीनामा दिला की नाना कधी रागवायचे नाहीत. कागद वाचायचे, घडी घालायचे आणि म्हणायचे, "झाक झालं. रविवारी घरच्यांना घिऊन जेवाय या." आईबाप, बायको किंवा नवरा, सासू-सासरे, सगळ्यांना. काकी पुरणपोळ्या करायच्या आणि नाना स्वतः तूप वाढायचे. त्या जेवणात नाना जाणाऱ्या माणसाची फक्त स्तुती करायचे. विरुद्ध एक शब्द नाही. आणि त्या जेवणानंतर माणूस सोमवारी मुकाट्यानं कामावर हजर असायचा. आम्ही बाकीचे त्याच्याकडे न बघता आपापलं काम करायचो.

माझी पाळी आली तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. पुण्याच्या एका मोठ्या डेअरीनं मला गुणवत्ता विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. नवरा तयार होता, तिकडे त्यालाही काम मिळण्यासारखं होतं. मी आरशापुढे उभी राहून नानांना काय सांगायचं ते पाठ केलं होतं. ते काही सांगायची वेळच आली नाही. रविवारी आम्ही पाटावर बसलो. नानांनी आबांच्या ताटात तूप सोडलं आणि बोलायला लागले. "आबा, तुमची सून म्हंजे हिरा. पुण्यात तिचं लय नाव हुईल. आमचं काय, आमी दुसरं मानूस बघू. आता नव्या मानसाला तुमच्या दुधाची वळख नसणार, तवा मागंफुडं फॅट बसंल न बसंल. तुमी वाईट वाटून घिऊ नगा." आबांचा घास हातातच राहिला. नाना सासूबाईंकडे वळले. "वैनी, नातीला तिकडं पाळणाघरात ठेवायला लागंल. पर आजकाल चांगली असत्यात म्हणं पाळणाघरं." मग माझ्याकडे बघून इतकं मायेनं हसले, की मलाही क्षणभर वाटलं, हा माणूस माझं भलंच बघतोय. काकींनी मला आणखी एक पोळी वाढली. मी नको म्हटलं नाही.

परत येताना जीपमध्ये, काटेवाडीचा फाटा आल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, जेवान लय चांगलं व्हतं." एवढंच. नवऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. आमच्या घरातली पुण्याची चर्चा तिथे संपली. सोमवारी नानांनी मला बोलावलं आणि घडी घातलेला राजीनामा परत हातात दिला. "तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. पुन्यांदा लिवायचा तरास नगो."

हनुमंत जेवला नाही. तो एकटाच. त्यानं राजीनामा दिला, नानांनी रविवार सांगितला आणि तो म्हणाला, "नाना, मी जेवाय येत न्हाय. आलो तर जायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी तो सोलापूरकडे निघून गेला. नाना त्याच्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. फक्त अंथुर्ण्याच्या केंद्रावरून त्याच्या वडिलांचं दूध परत पाठवलं जाऊ लागलं. रोज. कधी पातळ, कधी वास, कधी काहीच कारण नाही. म्हातारा कॅन सायकलला लटकावून दुसऱ्या डेअरीच्या केंद्रावर जायचा, आमच्या गेटावरूनच. उन्हात सायकल हातानं ढकलत. आम्ही सगळे बघायचो, आणि आम्ही बघावं अशीच ती सोय होती. पुढे म्हाताऱ्यानं गाई विकल्या. नाना जेवताना सहज म्हणाले, "त्याच्या गाई चांगल्या व्हत्या."

हे सगळं वाचून वाटेल, या बाईला नानांबद्दल नुसता राग आहे. तसं असतं तर किती सोपं झालं असतं! माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा नानांची गाडी दोन महिने सुप्याला जात होती, त्यांना बारामतीला व्यायामाच्या उपचारांना नेण्यासाठी. नानांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. त्यांना गरजच नव्हती, आमच्या घरात रोज कोणी ना कोणी तो करतच होतं. माझा जीव होता त्या माणसावर. त्यांनी पाठ थोपटली की दिवसभर मला हलकं वाटायचं, आणि हे मला स्वतःलाच आवडायचं नाही. मनाची समजूत मी एकाच गोष्टीनं घालायची. एवढी खटपट करून हा माणूस मला धरून ठेवतो, म्हणजे माझ्यात तसं काहीतरी असणार. स्वस्तातल्या माणसासाठी कोण एवढं करतं?

नानांची आणि माझी शेवटची भेट बारामतीच्या दवाखान्यात झाली. दुपार होती. ते उशांना टेकून बसले होते, डोळे फक्त मोठे राहिले होते. मी रोजच्यासारखा डेअरीचा अहवाल सांगत होते आणि ते ऐकत होते. तेवढ्यात दारात हनुमंत. केस पांढरे, हातात शहाळी. सोलापूरकडे तो आता एका मोठ्या डेअरीचा प्रमुख झाला होता, हे आम्हाला कानावरून माहीत होतं. मला वाटलं, नाना तोंड फिरवतील. नानांनी दोन्ही हात पुढे केले. "आलास व्हय," म्हणाले आणि रडायला लागले. आईच्या वेळी न रडलेला माणूस. सलाइन बघायला आलेल्या नर्सचा हात धरून तिला सांगत होते, "ह्यो माझा हनुमंत. ह्याला मी शिकवलाय. सोलापूरला सगळी डेअरी ह्यो चालिवतो." हनुमंतही पायाशी बसून रडत होता. वडिलांच्या दुधाचा विषय निघाला नाही. मी शहाळी कुठे ठेवावीत ते बघत होते.

तो गेल्यावर नाना बराच वेळ दाराकडे बघत होते. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, मलाही तुम्हीच शिकवलं की." ते म्हणाले, "व्हय, तर." मी थांबले. आणखी काहीतरी येईल अशी वाट बघत. मग तेच म्हणाले, अगदी शांतपणे, मला दुखवायचं म्हणून नव्हे, हिशेब सांगावा तसं. "त्याला ठेवाय मी काय न्हाय केलं? लय जीव जाळला. न्हाय ऱ्हायला. मानूस व्हता त्यो." श्वास घेतला. "तुला काय... एका जेवनात बसलीस." मग डोळे मिटून म्हणाले, "सांजच्या टँकरला जा. उशीर करू नगो." मी टँकरला गेले. त्यानंतर चार दिवसांनी तो काकींचा फोन.

तेराव्यानंतर हनुमंतचा फोन आला. "ताई, माझ्याकडं या. लॅबला तुमच्यासारखं मानूस पायजे." मी म्हटलं, अरे, माझं वय झालं आता, तुला नव्या शिकलेल्या मुली मिळतील की. तो म्हणाला, "मिळत्यात, पर टिकत न्हाईत. आन तुमी एकदा बसला की जायच्या न्हाय, ते म्या बघितलंय." तो चांगल्या मनानंच बोलत होता. नानांनी शिकवलेला होता शेवटी. मी त्याला हो म्हटलं.

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "जा की. आता आपलं दूध त्यांच्याकडं कुठं हाय?" खरंच, नाना दवाखान्यात गेल्यापासून कारभार बघणाऱ्या त्यांच्या मुलानं, रोहननं, काटेवाडीचं केंद्र महिनाभरापूर्वीच बंद केलं होतं. नवरा म्हणाला, आठवड्यातून एकदा येत जा म्हणजे झालं. पोरगी पुण्यात नोकरीला, तिनं फोनवर अभिनंदनाचं एक चित्र पाठवलं. ज्या भिंतीला मी आयुष्यभर डोकं टेकून बसले होते, ती अशी होती, एका दुपारीत नाहीशी होणारी. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आबांना वाटलं, मांजर शिरलं.

रोहनला राजीनामा द्यायला मी नवी साडी नेसून गेले. तो लॅपटॉपवर होता. कागद त्यानं बोटानं आपल्याकडे ओढला, दोन ओळी वाचल्या आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ती सुटका होती, मला नीट दिसली. "बरं झालं मॅडम. मी तुमच्याशी बोलणारच होतो. ते ॲनालायझर मशीन येतंय, लॅबला आता फारशी माणसं लागणार नाहीत." मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "बाबा तुम्हाला फार मानायचे." मी म्हटलं, "व्हय, तर."

शेवटच्या दिवशी लॅबच्या किल्ल्या देऊन मी बाहेर पडले. गेटाकडे जायला नानांच्या खोलीवरून जावं लागतं. त्या खोलीचं दार ते कधी पूर्ण लावत नसत, येणारा-जाणारा त्यांना दिसला पाहिजे म्हणून. नाना गेल्यावरही आम्ही सगळे तिथून चपला न वाजवता जायचो. पॅकिंगच्या बायका बोलता बोलता तेवढ्या चार पावलांपुरत्या गप्प होतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू करतात. आत आता नव्या मशीनची खोकी रचून ठेवली होती. माझ्याही चपला आपोआप हळू पडल्या. मी दारापाशी थांबले. नाना आत असते तर त्यांनी मान वर न करता विचारलं असतं, "कुठं निगालीस?" आणि आरशापुढे पाठ केलेलं ते सगळं उत्तर मला अजून शब्दाशब्दानं येत होतं. वॉचमननं लांबून ओरडून विचारलं, मॅडम, काही राहिलंय का? मी नाही म्हटलं आणि त्यानं गेट उघडलं.